चहाचा माथा थंडीत करपला की छाटणीची सुरी आधी बाजूला ठेवा

निलगिरीतलं उटी-कुन्नूर असो की केरळातलं मुन्नार, डिसेंबर लागला की चहाच्या मळ्यांतून तीच तक्रार येते. संध्याकाळी हिरवागार असलेला खळगा सकाळी पांढरा दिसतो आणि चौथ्या दिवशी तांबडा. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी गवतावर गोठलेलं दव ज्यांनी पाहिलंय, त्यांना ही पांढरी सकाळ ओळखीची वाटेल. तिथल्या स्ट्रॉबेरीचा हंगाम बुडाला तर पुढच्या वर्षी नवी रोपं लावता येतात. चहाचं झुडूप मात्र पन्नास-साठ वर्षं त्याच जागी उभं राहणार असतं. त्यामुळे जानेवारीत घाईने मारलेल्या कापाची किंमत पुढची दोन-तीन वर्षं मोजावी लागते.

थंडीने चहाचं दोन तऱ्हांनी बिघडतं. एकात वाढ थबकते, पान हिरवंच राहतं. दुसऱ्यात पान गोठतं आणि करपतं. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, काही ठिकाणी तर एकमेकांच्या उलट आहेत. म्हणून आधी आपलं दुखणं यातलं कोणतं ते ठरवा.

पान हिरवं आहे, पण फुटवा हलत नाही

चहाच्या बहुतेक जातींत सरासरी तापमान साडेबारा अंश सेल्सिअसच्या आसपास आलं की फुटव्याची वाढ जवळपास थांबते. या रेषेच्या वर दिवसाला जितके अंश मिळतात, तेवढीच वाढीची कमाई. डोळा सुटल्यापासून तीन पानं आणि कळी खुडायला येईपर्यंत अशी साधारण ४७५ अंश-दिवसांची कमाई लागते. आता हिशेब करा. दिवस-रात्रीची सरासरी साडेअठरा असेल तर रोज ६ अंश जमतात आणि फुटवा ७९ दिवसांत तयार होतो. सरासरी साडेपंधरावर आली तर रोज ३ अंश, म्हणजे १५८ दिवस. तापमान तीनच अंशांनी उतरलं आणि वेळ दुप्पट झाला. जातीप्रमाणे आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण हिवाळ्यात खुडणीची फेरी आठ-दहा दिवसांवरून पंधरा-वीस दिवसांवर का जाते, ते यावरून कळतं. एका माथ्यावर निरनिराळ्या वयाचे फुटवे असतात, म्हणून फेरी पूर्ण बंद पडत नाही एवढंच.

याच काळात माथ्यावर बांझी वाढते. टोकाला फुगीर, जोमदार कळी असायला हवी तिथे बारीक, मिटलेला, निजलेला डोळा दिसतो. मळ्यातला हा शब्द आपल्या ‘वांझ’चाच भाऊ, पण त्याने घाबरून जायचं कारण नाही. काही पानं काढल्यावर विश्रांती घेणं हा चहाचा स्वभावच आहे. थंडीत ही विश्रांती लांबते, इतकंच.

इथे दार्जिलिंग-आसामचे सल्ले निलगिरीत चालवण्याची चूक फार होते. दार्जिलिंग आणि आसाम २७ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहेत. तिथे डिसेंबरातला दिवस साडेदहा तासांपर्यंत आखडतो. दिवस सव्वाअकरा तासांहून लहान आणि तो तसा सहाएक आठवडे राहिला की चहा पुरता झोपतो. म्हणून तिकडे हिवाळ्यात खुडणी बंद असते आणि छाटणीही त्याच काळात उरकतात. उटी आणि मुन्नार दहा-अकरा अंशांवर आहेत. तिथला सर्वांत लहान दिवसही साडेअकरा तासांच्या आसपास असतो. झुडूप झोपत नाही, नुसतं पेंगतं. दुपारी १८-२० अंश मिळाले की पुन्हा कोवळं पान पुढे करतं, आणि त्याच रात्री दव गोठतं. निम्मं दुखणं इथेच आहे.

वाढ थबकली असेल तर युरिया टाकून तिला उठवायला जाऊ नका. गार मातीत मुळं खत नीट उचलत नाहीत आणि जे उचललं जातं त्याचं लुसलुशीत पान होतं, जे पहिल्या गोठणीत जातं. खुडणी मात्र बदला. पावसाळ्याच्या भरात जनम पानापर्यंत, म्हणजे फुटव्याच्या तळाशी येणाऱ्या त्या लहान, कडेला दाते नसलेल्या पानापर्यंत खुडलं तरी चालतं. डिसेंबर ते मार्च त्याच्या वरचं एक पूर्ण पान झुडपावर ठेवून वर खुडा. या राखलेल्या पानांवरच झुडूप कोरडा काळ काढतं. मऊ बांझी असेल तर खुडीत घ्या, टणक झाली असेल तर मोडून खाली टाका. मात्र खळग्यातल्या ओळींत ऐन डिसेंबरात टणक बांझी सरसकट मोडत बसू नका. मोडली की बगलेतले डोळे सुटतात, आणि तेव्हा सुटलेला डोळा म्हणजे थंडीला दिलेलं आमंत्रणच.

थबकण्याला एक चांगली बाजूही आहे. सावकाश वाढलेल्या पानात सुगंधी द्रव्यं जास्त साठतात. निलगिरीचा डिसेंबर ते फेब्रुवारीतला चहा ‘फ्रॉस्ट टी’ म्हणून वेगळा भाव खातो तो यामुळेच. नाव तसं असलं तरी तो गोठलेल्या पानाचा नसतो. गोठून करपलेलं पान कारखान्यात गेलं की चहाला जळका वास येतो आणि रंगही उतरतो, म्हणून ते खुडीत मिसळू देऊ नका.

पान तांबडं-काळं पडलंय : दव गोठूनच ना?

गोठलेलं पान ओळखायला वेळापत्रक लक्षात ठेवा. पहाटे त्यावर साखरेसारखे कण असतात आणि ते बोटात काडकन मोडतं. नऊच्या सुमारास ऊन लागून कण वितळले की पान उकडल्यासारखं दिसतं, गडद हिरवं, तेलकट, थोडं आरपार. दाबलं तर पाणी सुटतं. दुसऱ्या दिवशी त्यावर तांब्याची झाक येते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते तपकिरी होऊन हातात चुरतं. करपणं नेहमी माथ्यावर, आभाळाकडे तोंड असलेल्या पानांवर असतं. वीतभर खालची पानं बहुधा ठीक असतात.

याची नक्कल करणारे इतरही आहेत. लाल कोळी जून पानाच्या वरच्या बाजूला मधल्या शिरेपासून गंजासारखा पसरतो आणि धुळीच्या रस्त्याकडेच्या ओळींतून सुरू होतो. रात्रीत येत नाही, आठवडे घेतो. फोड करपा कोवळ्या पानावर गोल, आरपार ठिपका पाडतो, मग पानाखाली पांढरा मखमली फोड उठतो. त्याला गारव्यासोबत तासन्‌तास ओलं पान लागतं. निरभ्र, कोरड्या रात्री त्याच्या सोयीच्या नाहीत. पोटॅश कमी पडलं तर जून पानांच्या कडा करपतात, माथा हिरवा राहतो. फेब्रुवारीतल्या कोरड्या वाऱ्याने करपलेलं पान टेकाडावर जास्त सापडेल, गोठलेलं खळग्यात. जागा बघितली तरी निम्मं निदान होतं.

पुण्या-नाशकात कुंडीत चहाचं रोप लावणाऱ्यांसाठी एक आडवळण. तुमचं पान हिवाळ्यात पिवळं पडून शिरा हिरव्या राहत असतील तर थंडीला दोष देऊ नका. चहाला आम्ल माती लागते, सामू साडेचार ते साडेपाच. बोअरचं चुनखडीचं पाणी सामू चढवतं आणि लोह अडतं. पावसाचं पाणी साठवून घाला. थंडीत वाढ थांबली तर थांबू द्या आणि पाणी कमी करा.

दर वर्षी त्याच तुकड्यात का?

कारण गार हवा पाण्यासारखी वाहते. निरभ्र, वारा पडलेल्या, कोरड्या रात्री पानं आपली ऊब आभाळाकडे सोडतात आणि भोवतीच्या हवेहूनही थंड होतात. पानाला टेकलेली हवा गार आणि जड होते, उताराने ओघळते आणि खालच्या खळग्यात तुंबते. म्हणूनच वरच्या टेकाडावर सहा अंश असताना खाली शून्य असू शकतं. उतारावर पाणी तुंबवणारी गोष्ट गार हवाही तुंबवते. मळ्याच्या खालच्या अंगाला लावलेलं दाट कुंपण, निलगिरी झाडांची भिंतीसारखी रांग, रस्त्याचा उंच भराव, यांच्या वरच्या बाजूच्या चार-सहा ओळी दरसाल करपत असतील तर औषध फवारणीत शोधू नका. खालच्या कुंपणाला उताराच्या दिशेने तीन-चार मीटरची खिंडारं पाडा, खालच्या फांद्या माणसाच्या उंचीपर्यंत काढा, हवेला वाट द्या. उलट मळ्याच्या वरच्या अंगाला दाट कुंपण तिरकं घातलं तर वरून येणारी गार हवा बाजूला वळवता येते. खर्च एकदाच, फायदा दरसालचा. बाकीचे सगळे उपाय याच्यानंतर येतात.

तापमापक बंगल्याच्या व्हरांड्यात लावून उपयोग नाही. हवामान केंद्राच्या पेटीतला आकडाही माणसाच्या छातीच्या उंचीचा आणि आडोशातला असतो. पानाचं तापमान त्याहून तीन-चार अंश खाली असू शकतं. म्हणून ‘किमान तीन अंश होतं, तरी करपलं कसं’ हा प्रश्न दरसाल पडतो. किमान तापमान धरून ठेवणारा साधा तापमापक सर्वांत खालच्या ओळीत, खुडणीच्या माथ्याच्याच उंचीवर, उघड्या आभाळाखाली आडवा ठेवा. रात्री दहाला तिथे पाच-सहा अंश, आकाशात ढग नाही, पान हलत नाही, अशी स्थिती असेल तर ताशी पाऊण ते एक अंश उतार धरा. पहाटे शून्य गाठलं जाणार. कोवळा फुटवा उणे दोनच्या आसपास जातो, जून पान आणखी बरंच सोसतं. चिनी जातीची बारीक पानं आसामी मोठ्या पानांपेक्षा चिवट निघतात. एकाच खळग्यात मिसळ लागवड असेल तर हे नुसत्या डोळ्यांनी दिसतं.

त्या रात्री

पाणी हा सर्वांत खात्रीचा उपाय, पण अर्धवट केला तर सर्वांत घातकही. एक लिटर पाणी गोठताना ८० किलोकॅलरी ऊब सोडतं. तेवढंच पाणी पानावरून वाफ होऊन गेलं तर ६०० च्या आसपास ऊब ओढून नेतं. म्हणून तुषार संच पानाचं तापमान शून्यावर येण्याआधी सुरू झाला पाहिजे आणि सकाळी बर्फ आपणहून गळू लागेपर्यंत एकदाही थांबता कामा नये. पहाटे चारला पंप बंद पडला तर न भिजवलेल्या तुकड्यापेक्षा भिजवलेला जास्त करपतो. साधारण तासाला ३ मिलिमीटर पाणी लागतं. हेक्टरी हे ३०,००० लिटर झालं. रात्री दोन ते सकाळी आठ चालवायचं म्हटलं तर १ लाख ८० हजार लिटर. तळ्यात तेवढं पाणी आणि हाताशी दुसरा पंप नसेल तर सुरूच करू नका.

एवढं पाणी नसलेल्यांनी एक-दोन दिवस आधी माती भिजवून ठेवावी. ओली, दबलेली माती दिवसा ऊब साठवते आणि रात्री सोडते. भुसभुशीत कोरडी माती आणि जाड कोरडं आच्छादन ही ऊब खालीच अडवतं. उन्हाळ्यात ओल टिकवणारं आच्छादन थंडीत माथ्यावरचं करपणं वाढवू शकतं ते असं. खळग्यातल्या ओळींत ते डिसेंबर-जानेवारीपुरतं ओळीच्या मध्यावर सरकवून ठेवा आणि फेब्रुवारीत परत पसरा.

शेकोटीबद्दल. निफाडकडचे द्राक्ष बागायतदार कडाक्याच्या रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. निलगिरीतही ओला पाला जाळून धूर करणारे आहेत. धुराचा उपयोग नाही. त्याचे कण इतके बारीक असतात की पानातून जाणारी ऊब त्यांच्यातून आरपार निसटते, आणि सकाळी तोच धूर ऊन अडवतो. उपयोग होतो तो आगीच्या उबेचा, आणि तोही लहान लहान, पसरलेल्या शेकोट्यांचा. एक मोठी होळी केली तर तिची गरम हवा झोताने वर निघून जाते आणि कडेने गार हवा आत ओढते. जपानात चहाच्या मळ्यांत सहा-सात मीटर उंच खांबांवर पंखे बसवतात. ते वरच्या थरातली उबदार हवा खाली ढकलतात. निरभ्र रात्री वर ऊब असते, म्हणूनच ते जमतं. लहान मळ्याला हा खर्च पेलणारा नाही.

एक-दोन वर्षांच्या रोपांना झाकणं मात्र सर्वांना जमतं. प्रत्येक रोपाभोवती नेच्याच्या वाळक्या फांद्या तिरक्या खोचून वर टोकं जुळवा, पूर्वेकडची बाजू दाट ठेवा. पोतं टाकायचं असेल तर काठ्यांवर टाका, पानाला टेकलेलं पोतं असलं की त्या जागी पान गोठतंच. रोपवाटिकेवर सावलीची जाळी रात्रीही राहू द्या. तिथे पहाटे, ऊन यायच्या आत, विहिरीच्या पाण्याचा शिडकावा करून कण विरघळवता येतात. सबंध मळ्याला पाठीवरच्या पंपाने हे करायचं म्हणाल तर हेक्टरी दहा-तेरा हजार झुडपं असतात, चौथ्या ओळीला सूर्य वर आलेला असेल.

करपल्यानंतर

पहिल्या आठवड्यात एकच काम : कोणत्या ओळी, किती खोल, हे चुन्याच्या खुणा करून नकाशावर उतरवा. काही कापू नका. करपलेला माथा कुरूप दिसतो, पण त्याच्या खालच्या जिवंत पानांवर तेच पांघरूण असतं. जानेवारीत दव एकदा गोठून थांबत नाही. २०१९ च्या जानेवारीत मुन्नार परिसरात ओळीने कित्येक रात्री गोठणं चालू होतं. वरचं मेलेलं पान काढलं की दुसऱ्या फेरीत खालचं जिवंत पान जातं आणि मग फांदी. शिवाय छाटलं की डोळे सुटतात, तेही कोवळे, तेही थंडीत. पुढे फेब्रुवारी-मार्चचं कोरडं ऊन उघड्या फांद्यांची साल भाजतं ते वेगळंच.

तीन आठवड्यांनी नखाची परीक्षा घ्या. टोकाकडून खाली येत, दर दोन बोटांवर साल हलकी खरवडा. आत ओलसर हिरवट-पांढरं म्हणजे जिवंत, तपकिरी कोरडं म्हणजे मेलेलं. दर ओळीत दहा झुडपं तपासली तर चित्र स्पष्ट होतं. त्यावरून ठरवा.

नुसती वरची पानं गेली आणि काडी हिरवी आहे, अशी बहुतांश झुडपं असतात. इथे काहीच कापायचं नाही. मार्चच्या सरी पडल्या की खालून फुटवा येतो, मेलेली पानं आपोआप गळतात. माथा वेडावाकडा झाला असेल तर मार्चअखेर दोन ते पाच सेंटिमीटरची नुसती सारखी करणारी कातरणी पुरते. पहिल्या दोन फेऱ्या हलक्या हाताने खुडा. नव्या फुटव्यावर दोन पूर्ण पानं राखा, मग वर खुडा.

पेन्सिलीएवढी काडी मेली असेल तर एप्रिलपर्यंत थांबून, वळवाच्या सरींनंतर, मेलेल्या भागाच्या दोन-तीन सेंटिमीटर खाली जिवंत लाकडात तिरका काप घ्या. मोठ्या जखमांना बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावा. मोठी छाटणी करायची वेळ आलीच तर आधी मुळातला पिष्टाचा (स्टार्चचा) साठा तपासा. पेन्सिलीच्या जाडीचं मूळ कापून कापावर आयोडीनचं द्रावण टाका. गडद निळं-काळं झालं तर साठा आहे. फिकट राहिलं तर झुडपाकडे फुटायला शिदोरी नाही, छाटणी पुढे ढकला आणि पानं वाढू द्या.

लहान रोपाची साल बुंध्याशी उभी फाटली असेल तर माती चढवा आणि मे महिन्यापर्यंत उपटू नका. वरचा भाग पूर्ण वाळला तरी मातीलगतचे डोळे बऱ्याचदा फुटतात.

खत कधी? नवी पानं नखाएवढी दिसू लागल्यावर. १०० लिटर पाण्यात १ किलो युरिया आणि १ किलो म्युरेट ऑफ पोटॅश, सकाळी किंवा ऊन उतरल्यावर, पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा. मेलेल्या पानावर फवारलं तर ते पैसे मातीत. जमिनीतून खत पावसाने ओल आल्यावरच.

हे पुन्हा घडू नये म्हणून : एप्रिल ते नोव्हेंबर

गोठणीच्या तुकड्यांची छाटणी एप्रिल-मेमध्ये घ्या. ऑगस्ट-सप्टेंबरला छाटलेलं झुडूप डिसेंबरात नेमकं कोवळ्या पानांवर असतं. दक्षिणेत छाटणीचं चक्र ठरवायचा जुना ठोकताळा आहे : उंची किती हजार फूट, त्यात एक मिळवा, तेवढी वर्षं. सहा हजार फुटांवर सात वर्षं झाली. गोठणीचे तुकडे या चक्रात एकाच वर्षी येऊ देऊ नका, नाहीतर एक वाईट रात्र सगळं उत्पन्न घेऊन जाते.

सिल्व्हर ओकची सावली मे-जूनमध्ये उतरवा, नोव्हेंबरात नाही. डिसेंबरपर्यंत फांद्या पुन्हा भरून यायला हव्यात. झाडाखालचं पान उघड्या पानापेक्षा रात्री एक-दोन अंश उबदार राहतं, आणि सकाळचं तिरपं ऊन गोठलेल्या पानावर एकदम पडत नाही. नत्राचा शेवटचा हप्ता ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत संपवा, त्यात पोटॅश कमी पडू देऊ नका. तण नोव्हेंबरअखेर काढून माती उघडी आणि दबलेली ठेवा.

आणि पाच वर्षांतून तीनदा करपणारा, पावसाळ्यात पाणी साचणारा तळाचा खळगा असेल, तर तिथे मेलेल्या झुडपांच्या जागी पुन्हा रोपं भरू नका. जागा गवताला सोडा, आणि तिथे उंच झाडांची रांगही लावू नका, नाहीतर गार हवा तुंबून वरच्या ओळींत चढेल.